तुमचा 'झेड' कोणता?

बारावीच्या गणिताची ती वही आठवतेय? आलेखाच्या कागदावर दोन-तीन तिरप्या रेषा, मधला भाग पेन्सिलने रेघा मारून काळा केलेला, कोपऱ्यांना ए, बी, सी, डी अशी नावं. आणि सगळ्यात वर पहिली ओळ, 'मॅक्सिमाइज झेड'. एक कारखानदार दोन वस्तू बनवतो, यंत्राचे तास इतके, कामगारांचे तास इतके, तर नफा जास्तीत जास्त कसा होईल? बरोबर, लिनिअर प्रोग्रॅमिंग! आर्ट्सवाल्यांची या धड्यातून सुटका झाली असेल, पण सायन्स-कॉमर्सवाल्यांसाठी हा हक्काच्या मार्कांचा धडा. रेषा काढा, कोपरे शोधा, प्रत्येक कोपऱ्याची किंमत टाका, सगळ्यात मोठी ती उत्तर. विषय संपला.

मीसुद्धा हेच केलं. मार्क पडले, वही रद्दीत गेली, मी मास कॉमला आले आणि गणिताला कायमचा रामराम ठोकला. मग परवा एका अर्थतज्ज्ञाबद्दल वाचताना एकदम थबकले. आपण कंटाळत कंटाळत सोडवलेला हा धडा ज्या माणसाने सगळ्यात आधी मांडला, त्याला त्यापायी अटक होऊ शकली असती. याच विचारावर लिहिलेलं त्याचं पुस्तक सतरा वर्षं छापता आलं नव्हतं. आणि शेवटी त्याच कामासाठी त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आलेखावरच्या चार रेषांमध्ये इतकं धोकादायक काय होतं? त्याचीच ही गोष्ट. गणित थोडं येईल मध्ये, पण घाबरू नका. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जाणार नाही, प्रॉमिस.

बाविसाव्या वर्षी प्रोफेसर

लिओनिद कान्तोरोविच यांचा जन्म 19 जानेवारी 1912 चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. वडील डॉक्टर. लिओनिद पाच वर्षांचा असताना 1917 च्या दोन्ही क्रांत्या याच शहरात झाल्या. पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत कुटुंबाला वर्षभर बेलारूसमध्ये जाऊन राहावं लागलं. 1922 मध्ये वडील वारले, तेव्हा हा पोरगा दहा वर्षांचा होता. पुढे आईने वाढवलं.

चौदाव्या वर्षी, म्हणजे आपण नववीत असतो त्या वयात, तो लेनिनग्राड विद्यापीठात गणिताला दाखल झाला. (शहर तेच, नाव तेवढं बदललं होतं.) अठराव्या वर्षी पदवी. आणि 1934 साली, बाविसाव्या वर्षी, त्याच विद्यापीठात पूर्ण प्रोफेसर! मी आज बावीस वर्षांची आहे आणि इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटची वाट बघतेय. त्यामुळे हे वर्ष मी दोनदा तपासून पाहिलं. बरोबर आहे.

पण आपल्याला त्यांच्या हुशारीपेक्षा पुढच्या भागाशी मतलब आहे. तोवर कान्तोरोविच यांचं सगळं काम शुद्ध गणितातलं होतं. फंक्शनल अॅनालिसिस नावाची त्यांची शाखा इतकी अमूर्त आहे की तिचा कारखान्याशी, बाजाराशी, तुमच्या-माझ्या खिशाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. असा माणूस अर्थशास्त्रात आला कसा? प्लायवूडमुळे.

प्लायवूडवाल्यांचा साधा प्रश्न

1938 साल. प्लायवूड बनवणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या प्रयोगशाळेतले लोक विद्यापीठात एक अडचण घेऊन आले. प्लायवूडसाठी ओंडके सोलून पातळ विनियर काढावं लागतं. त्यांच्याकडे ओंडके सोलणारी वेगवेगळी यंत्रं होती आणि लाकडाचे वेगवेगळे प्रकार. कुठलं यंत्र कुठल्या लाकडावर जोरात चालायचं, तर कुठल्यावर हळू. शिवाय प्रत्येक प्रकारचं विनियर ठरावीक प्रमाणात हवं, कारण एकच प्रकार ढीगभर करून भागत नाही. मग कुठल्या यंत्रावर कुठलं लाकूड किती वेळ लावायचं?

ऐकायला किरकोळ वाटतं. म्हणून एक उदाहरण करून बघू. आकडे माझे आहेत, सोपे केलेले. यंत्रं दोनच धरू, थोरली आणि धाकटी. लाकडंही दोनच, बर्च आणि पाइन.

थोरली तासाला बर्चचे 40 पत्रे काढते किंवा पाइनचे 60.
धाकटी तासाला बर्चचे 10 काढते किंवा पाइनचे 30.

दिवस आठ तासांचा. एक बर्च आणि एक पाइन मिळून एक जोडी, आणि जोड्या जास्तीत जास्त हव्यात.

आता पहिला विचार काय येतो? दोघींनाही दोन्ही कामं सारखी द्या, म्हणजे प्रत्येकीने स्वतःपुरत्या जोड्या पूर्ण कराव्यात. थोरलीने 4.8 तास बर्च आणि उरलेला वेळ पाइन केलं तर तिच्या 192 जोड्या होतात. धाकटीने सहा तास बर्च आणि दोन तास पाइन केलं तर 60. एकूण 252. कुणावर अन्याय नाही, सगळं समसमान.

आता दुसरी वाटणी बघा. धाकटीला दिवसभर फक्त पाइन द्या. आठ तासांत 240 पत्रे. थोरलीला 7.2 तास बर्च द्या, 288 पत्रे. उरलेल्या 0.8 तासात ती पाइनचे 48 पत्रे काढेल. पाइन झालं 240 अधिक 48, म्हणजे 288. जोड्या 288!

यंत्र नवीन आणलं नाही. कुणाला जादा तास थांबवलं नाही. नुसती वाटणी बदलली आणि 36 जोड्या वाढल्या, म्हणजे सुमारे चौदा टक्के.

दोन यंत्रं आणि दोन लाकडं असतील तर हे डोक्याने सुटतं. पण यंत्रं आणि लाकडाचे प्रकार थोडे जरी वाढले तरी शक्यता इतक्या होतात की एकेक करून तपासणं माणसाच्या आवाक्याबाहेर जातं, आणि 1938 साली कॉम्प्युटर नव्हता. त्या काळच्या गणिताच्या पुस्तकांतल्या नेहमीच्या पद्धती इथे चालत नव्हत्या. कान्तोरोविच यांनी यासाठी नवी पद्धत शोधली.

आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न एकट्या प्लायवूडचा नाही. कुठल्या शेतात कुठलं पीक घ्यायचं, कुठल्या भट्टीला कुठलं इंधन द्यायचं, पोलादाचा पत्रा कसा कापला तर तुकडे कमी वाया जातील, कुठल्या गोदामातला माल कुठल्या गावी पाठवायचा, सगळ्यांचा सांगाडा एकच. हे सगळं एकत्र करून 1939 मध्ये त्यांनी लेनिनग्राड विद्यापीठातर्फे एक छोटी पुस्तिका काढली, उत्पादनाचं संघटन आणि नियोजन यांच्या गणिती पद्धतींवर. लिनिअर प्रोग्रॅमिंगची सुरुवात हीच. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तावीस.

दिसत नाही, पण असते ती किंमत

आता मुद्द्याचा भाग. आपल्या उदाहरणात परत जाऊ. समजा मेकॅनिक म्हणाला, आज एका यंत्राचा देखभालीचा वेळ वाचवून तुम्हाला तासभर जास्त देतो. थोरलीचा घेता की धाकटीचा? किती फरक पडेल?

गणित करून बघा. थोरलीला एक तास वाढवून दिला तर जोड्या 288 वरून 312 वर जातात, म्हणजे 24 ने वाढतात. धाकटीला दिला तर 300 वर, म्हणजे 12 ने. याचा अर्थ थोरलीच्या एका तासाची किंमत 24 जोड्या आणि धाकटीच्या तासाची 12.

ही किंमत कुणी ठरवली? दुकानदाराने नाही, सरकारने नाही, तुम्ही-मी तर नाहीच. ती त्या प्रश्नाच्या पोटातच दडलेली होती. काय हवंय आणि कशाची टंचाई आहे, एवढं सांगितलं की ती आपोआप बाहेर येते. आज मॅनेजमेंटच्या वर्गात हिला 'शॅडो प्राइस' म्हणतात, म्हणजे सावलीसारखी किंमत. कान्तोरोविच यांची पद्धत चालायची ती याच आकड्यांच्या जोरावर. त्यांनी त्यांना नाव दिलं होतं 'सोडवणारे गुणक'. किती निरुपद्रवी नाव आहे बघा!

पण त्या काळात हे निरुपद्रवी नव्हतं. सोव्हिएत युनियनमध्ये कारखाना, शेतजमीन, दुकान सगळं सरकारचं. कशाचं किती उत्पादन करायचं ते गॉस्प्लान हा नियोजन विभाग ठरवणार, किमतीही सरकारच ठरवणार. आणि या सगळ्याचा वैचारिक पाया असा की वस्तूचं मूल्य तिच्यात घातलेल्या श्रमातून येतं. कान्तोरोविच यांचे गुणक मात्र सांगत होते की यंत्राच्या तासालाही किंमत आहे, चांगल्या जमिनीच्या तुकड्यालाही आहे, थांबण्याच्या वेळेलाही आहे, कारण या गोष्टी मोजक्या आहेत. हे ऐकणाऱ्याला त्यात जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज दिसणारच. म्हणजे जे क्रांतीने हाकलून दिलं, तेच हा गणितवाला मागच्या दाराने आत आणतोय की काय?

आणि काळ कोणता? स्टालिनचा. 1937-38 ची धरपकड नुकतीच होऊन गेली होती.

सतरा वर्षं कपाटात

1941 मध्ये जर्मनीने हल्ला केला आणि लेनिनग्राडला वेढा पडला. तो उठायला 1944 चा जानेवारी उजाडला. उपाशी शहराला अन्न पोचवायचा हिवाळ्यातला मार्ग एकच होता, गोठलेल्या लादोगा सरोवरावरून ट्रक नेणं. बर्फ किती जाड असेल, थंडी किती असेल तर दोन ट्रकांमध्ये किती अंतर ठेवायचं, याचा हिशेब कान्तोरोविच यांनी करून दिला आणि बर्फ फुटणार नाही याची खात्री करायला ते स्वतः ट्रकांमधून चालत गेले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

युद्धकाळात ते नौदलाच्या इंजिनिअरिंग शिक्षणसंस्थेत शिकवत होते. त्याच धावपळीत, 1942 मध्ये, त्यांनी मोठं पुस्तक लिहून काढलं. विषय होता, देशाकडच्या साधनांचा सर्वांत चांगला वापर कसा करायचा. एका कारखान्यासाठी जे जमतं ते सगळ्या देशासाठी का जमू नये, हा प्रश्न. हस्तलिखित त्यांनी नियोजनाचं काम बघणाऱ्या वरिष्ठ मंडळींपुढे ठेवलं.

उत्तर काय मिळालं असेल? मॉस्कोतल्या एका चर्चेत एका संख्याशास्त्रज्ञाने उठून आठवण करून दिली की 'सर्वोत्तम' वाटपाची भाषा इटलीचा पारेतो करायचा आणि पारेतो हा मुसोलिनीच्या आवडीचा. समोर जर्मनी-इटलीशी युद्ध चालू आहे आणि भर सभेत असं वाक्य! कान्तोरोविच यांनीच पुढे ही आठवण सांगितली आहे. आपल्याला आत टाकावं का, यावर वर चर्चा झाली होती, हेही त्यांना नंतर कळलं.

त्यांनी काय केलं? इथे सिनेमा असता तर हिरोने टेबलावर मूठ आपटून भाषण केलं असतं. कान्तोरोविच यांनी हस्तलिखित बाजूला ठेवलं आणि ते पुन्हा शुद्ध गणिताकडे वळले. ते काम इतकं मोलाचं होतं की 1949 मध्ये त्यासाठी त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं! एकाच माणसाचं गणित सरकार डोक्यावर घेत होतं आणि त्याच गणिताचा अर्थशास्त्रातला वापर तेच सरकार दाबून ठेवत होतं.

याला भित्रेपणा म्हणायचं का? मी बराच विचार केला. मला तसं वाटत नाही. त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही, ते खोटं होतं असंही कधी म्हटलं नाही. फक्त वाट पाहिली. 1953 मध्ये स्टालिन गेला, हवा हळूहळू बदलली. नेमचिनोव्ह यांच्यासारख्या वजनदार अर्थतज्ज्ञांनी गणिती पद्धतींची बाजू घेतली. आणि 1942 चं ते पुस्तक 1959 मध्ये छापून आलं. लिहिलं तेव्हा लेखक तिशीचा होता, छापलं तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा.

भंगार कमी झालं म्हणून बोलावणं!

मधल्या काळातला एक किस्सा तर भारीच आहे. 1940 च्या दशकाच्या शेवटी लेनिनग्राडमधल्या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या येगोरोव्ह कारखान्यात कान्तोरोविच आणि त्यांचे सहकारी झालगालर यांनी पोलादाचा पत्रा कापायची पद्धत गणिताने बसवून दिली. शिंपी कापड कसं मांडतो, तसंच. बाही इकडे, कॉलर तिकडे, की चिंध्या कमीत कमी निघाव्यात. पद्धत चालली. वाया जाणारा पत्रा खूप कमी झाला.

मग सगळे खूश? छे! कारखान्याने वर्षाला ठरावीक भंगार पोलादाच्या भट्ट्यांना पुरवायचं, असंही सरकारी टार्गेट होतं. भंगारच निघेना, तर ते टार्गेट पूर्ण कसं होणार? शिवाय यंदा इतकी बचत केलीत, तर पुढच्या वर्षी याहून जास्त करा, हा नियम होताच. जे आधीच सर्वोत्तम आहे त्याच्यात आणखी सुधारणा कुठून आणायची? शेवटी पक्षाच्या कार्यालयातून बोलावणं आलं आणि खुलासे द्यावे लागले.

हसू येतं ना? पण जरा थांबा. असाइनमेंटची पानं भरावीत म्हणून फाँट मोठा केलाय कधी? पंच्याहत्तर टक्के अटेंडन्ससाठी वर्गात बसून रील्स पाहिलीत? जिथे मोजायची गोष्ट एक आणि हवी असलेली गोष्ट दुसरी असते, तिथे माणसं मोजलं जातं तेच पुरवतात. येगोरोव्ह कारखान्यातला पत्रा चांगला कापला जात होता, पण वरच्या साहेबांच्या कागदावर 'झेड'च चुकीचा लिहिला होता.

स्टॉकहोम, रिक्षा आणि एआय

इकडे अमेरिकेत काय चाललं होतं? त्यांना या पुस्तिकेचा पत्ताच नव्हता. युद्धात मालवाहू जहाजं कशी फिरवायची म्हणजे रिकामी जहाजं कमी पळतील, या प्रश्नातून मूळचे डच असलेले त्यालिंग कूपमन्स स्वतंत्रपणे तशाच विचारापाशी पोचले. 1947 मध्ये जॉर्ज डान्झिग यांनी 'सिंप्लेक्स' पद्धत मांडली, जी आज इंजिनिअरिंगपासून एमबीएपर्यंत सगळे शिकतात. कान्तोरोविच यांचं काम कळल्यावर 1956 मध्ये कूपमन्स यांनी स्वतःहून त्यांना पत्र लिहिलं आणि 1939 ची पुस्तिका 1960 मध्ये इंग्रजीत आली. 1975 साली दोघांना मिळून नोबेल मिळालं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे कान्तोरोविच हे सोव्हिएत युनियनचे एकमेव नागरिक ठरले. डान्झिग यांचं नाव त्यात नव्हतं, याची हळहळ गणितवाले आजही व्यक्त करतात.

तोपर्यंत कान्तोरोविच यांनी सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कजवळच्या विज्ञाननगरीत बरीच वर्षं काम करून तरुण गणिती-अर्थतज्ज्ञांची फळी उभी केली होती. 1965 मध्ये नोवोझिलोव्ह आणि (मरणोत्तर) नेमचिनोव्ह यांच्यासोबत लेनिन पारितोषिक मिळालं होतं. म्हणजे ज्या विचारासाठी अटकेची चर्चा झाली, त्याच विचारासाठी सरकारी सन्मान.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्याला लगेच पटेल. टॅक्सीच्या भाड्याचा प्रश्न त्यांनी हाताळला होता. गाडीत बसलं की आधी एक ठरावीक रक्कम, मग किलोमीटरमागे कमी दर, अशी रचना. का? तर नुसत्या किलोमीटरवर पैसे मिळणार असतील तर चालक जवळचं भाडं कशाला घेईल? त्याचा थांबण्यातला वेळ आणि रिकामी फेरी यांचीही किंमत आहे, ती भाड्यात कुठेतरी दिसली पाहिजे. स्टेशनबाहेर 'जवळचं नाही' असं ऐकून पायी निघालेल्या प्रत्येकाला ही अदृश्य किंमत नीट माहीत आहे. आपल्याकडेही पहिल्या टप्प्याचं किमान भाडं असतं, तरी नकार येतो. म्हणजे चालकाच्या डोक्यातली शॅडो प्राइस आणि मीटरवरची किंमत अजून जुळलेली नाही!

आणि एआयवाल्यांनो, तुमच्यासाठीही आहे. 1942 मध्येच कान्तोरोविच यांनी एक छोटासा शोधनिबंध लिहिला होता. मूळ प्रश्न 1781 सालचा, फ्रान्सच्या माँज यांचा. इथे मातीचे ढीग आहेत, तिथे खड्डे आहेत, तर कमीत कमी कष्टात माती कशी वाहून न्यायची? कान्तोरोविच यांनी तो सोडवायची नवी वाट दाखवली. या विचारातून दोन ढिगांमधलं 'अंतर' मोजता येतं, म्हणजे एका ढिगाचा दुसरा ढीग करायला किती मेहनत लागेल ते. आता माती काढून तिथे फोटोतले रंग ठेवा. कॉम्प्युटरने बनवलेली चित्रं खऱ्या फोटोंच्या किती जवळ गेली हे मोजायला 2017 च्या 'वॉसरस्टाइन गॅन' मॉडेलने हेच अंतर वापरलं. नाव दुसऱ्याचं लागलं असलं तरी मूळ तिथेच, वेढ्याच्या वर्षांत लिहिलेल्या त्या मोजक्या पानांत.

मग देश का नाही सुधारला?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल. इतकी भारी पद्धत होती तर सोव्हिएत अर्थव्यवस्था कोसळली कशी? कान्तोरोविच 7 एप्रिल 1986 ला मॉस्कोत गेले आणि त्यानंतर सहा वर्षांच्या आत तो देशच नकाशावर राहिला नाही.

एक कारण साधं आहे. त्यांची पद्धत एकेका कारखान्यात, एकेका क्षेत्रात वापरली गेली, पण अख्खा देश त्या किमतींवर चालवायचं धाडस कुणी केलं नाही. दुसरं कारण जास्त खोल आहे. गणित चालतं ते आत घातलेल्या आकड्यांवर. आणि आकडे देतात माणसं. खरी क्षमता सांगितली तर पुढच्या वर्षी टार्गेट वाढणार, हे ठाऊक असलेला मॅनेजर खरा आकडा सांगेलच कशाला? थोरली तासाला 40 पत्रे काढते, हे आपल्या उदाहरणात आपण बसल्या जागी गृहीत धरलं. खऱ्या कारखान्यात ते खरं सांगणारं कुणीतरी लागतं आणि खरं सांगितल्याची शिक्षा होणार नाही, याची हमी लागते.

कान्तोरोविच स्वतः नियोजनाच्या विरोधात नव्हते, हेही लक्षात ठेवा. नियोजन चांगलं करता येईल, यावर त्यांचा विश्वास होता. त्यांना व्यवस्था पाडायची नव्हती, तिला हिशेब शिकवायचा होता. ती शिकायला तयार नव्हती.

आता तुमची वही काढा

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझ्या शेवटच्या सेमिस्टरचं वेळापत्रक काढून बसले. एक साधा प्रयोग केला, तुम्हीही करा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एक तास जादा मिळाला, तर तो कुठे टाकल्यावर सगळ्यात जास्त फरक पडेल? उत्तर बहुतेक वेळा 'आवडता विषय' नसतं आणि 'सगळ्यांना समान वेळ' तर नसतंच. आपल्या 252 आणि 288 मधला फरक आठवा. समसमान वाटणी केली की बरं वाटतं, एवढंच.

तसंच ग्रुप प्रोजेक्टचं. एकच मुलगी सगळ्यात चांगलं लिहिते, सगळ्यात चांगलं एडिटिंग करते आणि प्रेझेंटेशनही तिचंच भारी. म्हणून सगळं तिच्यावर टाकलं जातं. पण थोरली दोन्ही लाकडांत धाकटीपेक्षा सरस होती आणि तरीही धाकटीला तिचं काम दिल्यावरच जोड्या वाढल्या. ग्रुपमधला 'कमी हुशार' मेंबर बाजूला बसून असेल तर ग्रुपचं नुकसान होतंय, हे गणितच सांगतंय.

पण एक गोष्ट हे गणित अजिबात सांगत नाही आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. 'झेड' काय असावा, हे ते कधीच सांगत नाही. पॅकेज? सीजीपीए? घरच्यांचं समाधान? रात्रीची शांत झोप? तुम्ही जो लिहाल तो ते इमानदारीत मोठा करून देईल. भंगाराचं टार्गेट लिहिलंत तर भंगारही मोठं करून देईल. आणि दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेला 'झेड' असेल तर रेषा कितीही अचूक काढल्या, तरी सापडलेला कोपरा तुमचा नसेल.

माझी ती बारावीची वही आता रद्दीवाल्याकडेही नसेल. म्हणून मी नवीन पान घेतलं आणि वरती लिहिलं, 'मॅक्सिमाइज झेड बरोबर'. पुढची जागा दोन दिवस झाले रिकामीच आहे. बंधनं मात्र पटापट लिहून झाली, अर्धं पान भरलं. तुमचंही तसंच होतंय का बघा.